नाव पाठ, नियम पाठ, तरी ॲसिडचं चित्र चुकतंय?

भाचीच्या वहीत एका पानावर नावांवरून चार ॲसिडांची रचना काढलेली होती. ४-मिथिलपेंटॅनॉइक ॲसिडात एक कार्बन जास्त. इथेनडायओइक ॲसिडातही एक जास्त. ३-हायड्रॉक्सीब्युटॅनॉइक ॲसिडात ओएच भलत्याच कार्बनवर. आणि सायक्लोहेक्झेनकार्बॉक्झिलिक ॲसिडात उलट एक कार्बन कमी. नियम विचारले तर तिने न अडखळता सगळे म्हणून दाखवले. मग आठवडाभर सराव केला, पन्नासेक नावं काढून झाली, आणि पुढच्या चाचणीत त्याच चुका त्याच जागी परत आल्या.

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते आणि अकरावी-बारावीच्या मुलांना घरी रसायनशास्त्र शिकवते. मराठी घरातली मुलं मला ताई म्हणतात, गुजराती मुलं बेन म्हणतात. गाऱ्हाणं मात्र दोघांचं एकच असतं. "काल जमत होतं, आज परत चुकलं." अशी फिरून फिरून येणारी चूक विसराळूपणाची नसते. तिच्यामागे हाताची एखादी सवय असते, आणि ती सवय सापडेपर्यंत जितका सराव कराल तितकी ती घट्ट होत जाते. माझ्या भाचीच्या बाबतीत मला ती सापडायला दोन महिने लागले. तुमचे दोन महिने वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

(सूत्रं इथे देवनागरीतच लिहिते: सी म्हणजे कार्बन, एच हायड्रोजन, ओ ऑक्सिजन, एन नायट्रोजन. वहीत तुम्ही नेहमीच्याच खुणा वापरा.)

पेन आधी कुठे टेकतं ते बघा

इतके दिवस मी तयार उत्तर तपासत होते. एका संध्याकाळी तिच्या शेजारी बसले आणि उत्तराकडे न बघता पेनाकडे बघत राहिले. तिने "४-मिथिल" एवढं वाचलं आणि कागदावर सीएच३ लिहिलं. साखळीचा पत्ता नाही, एक नंबरचा कार्बन कुठला ते ठरलेलं नाही, आणि मिथिल मात्र आलेलं. मग "पेंट" वाचून पाच कार्बन ओळीने काढले, चौथ्याला मिथिल जोडलं. सगळ्यात शेवटी "ऑइक ॲसिड" वाचलं आणि टोकाला सीओओएच, म्हणजे ॲसिडाची खूण असलेला गट, चिकटवलं.

झाले पाचाचे सहा. शिवाय मिथिलची जागा मोजली तेव्हा सीओओएच कागदावर नव्हतंच, म्हणजे "चौथा" कुठल्या टोकापासून, हा प्रश्न तिला पडलाच नाही. वहीतल्या उरलेल्या चुकांची कारणं थोडी वेगळी निघाली, ती पुढे येतील. नियम तिला ठाऊक होता की सीओओएचचा कार्बन क्रमांक एकचा. पण तो नियम वापरायची वेळ यायची तोवर निम्मं चित्र काढून झालेलं असायचं.

तेव्हा पहिली तपासणी हीच करा. मुलाला नाव द्या, शेजारी बसा, आणि पेनातून सगळ्यात आधी काय उतरतं ते बघा. मिथिल, हायड्रॉक्सी, अमिनो असलं काही उतरलं, तर दोष सापडला.

राजमहाल रोड हा रस्ता आहे

ही सवय नुसतं "असं करू नकोस" म्हणून जात नाही, कारण वाचन डावीकडूनच होणार. मला उपाय मिळाला तो भाषेच्या तासातल्या समासात. संस्कृत घेतलेल्या मुलांना तत्पुरुष समास माहीत असतो: उत्तरपद प्रधान. आमच्या घरामागून जातो तो राजमहाल रोड. तो काय आहे? रस्ता आहे. कुठला रस्ता? महालाचा. कुठला महाल? राजाचा. नकाशा काढायला बसलात तर आधी रस्ता काढाल, मग महाल. राजापासून सुरुवात कुणी करणार नाही.

ॲसिडचं नाव अगदी असंच बांधलेलं असतं. ४-मिथिलपेंटॅनॉइक ॲसिड हे ॲसिड आहे. किती कार्बनांचं? पेंट, पाचांचं. त्या पाचांच्या साखळीवर काय? मिथिल. कुठे? चौथ्यावर. मिथिल नावात पहिलं येतं, कारण ते विशेषण आहे. मराठीत आपण "तांबड्या कौलांचं घर" म्हणतो. घर शेवटी आलं म्हणून कौलं आधी हवेत टांगत नाही.

हे समजलं तरी हात ऐकत नाही, म्हणून एक पट्टी घ्या. साधी पंधरा सेंटिमीटरची, पण अपारदर्शक. छापलेलं नाव पट्टीने झाका आणि फक्त शेवट उघडा ठेवा: "ऑइक ॲसिड". सीओओएच काढा, त्याच्या कार्बनला लगेच १ लिहा. पट्टी डावीकडे सरकवा: "पेंटॅन". आणखी चार कार्बन जोडा, २ ते ५ लिहा. पुन्हा सरकवा: "मिथिल". अजून काही काढू नका, कारण पत्ता दिसलेला नाही. आणखी सरकवा: "४". आता चौथ्या कार्बनवर मिथिल. हायड्रोजन सगळ्यात शेवटी; प्रत्येक कार्बनचे चार हात पुरे होतील इतकेच.

भाचीने पहिल्या दिवशी पट्टी धरून बारा नावं काढली. वेळ दुप्पट लागला, पण बाराही बरोबर आली. तीन आठवड्यांनी पट्टी नकोशी झाली. घाई करून ती आधी काढून घेऊ नका. एका मुलाची मी चौथ्याच दिवशी सोडवली आणि पाचव्या दिवशी त्याचं पेन पुन्हा मिथिलवर टेकलं.

पंगतीतला कार्बन आणि वाढपी

पट्टी वापरूनही कार्बन एकाने कमीजास्त येत असेल, तर शेपटीतला फरक नीट पाहिलेला नाही. नावाचा शेवट दोन तऱ्हांचा असतो, "ऑइक" आणि "कार्बॉक्झिलिक", आणि दोन्हींत सीओओएच असतं म्हणून मुलं दोन्ही सारखेच धरतात.

पंगत बसली की पानं मोजताना बसलेले सगळे मोजतात. वाढपी हजर असतो, पण त्याचं पान त्या मोजणीत नसतं. "ऑइक"मधला कार्बन पंगतीत बसलेला आहे. पेंटॅनॉइकमधल्या पाचांत तो आलाच. "कार्बॉक्झिलिक"मधला कार्बन वाढपी आहे. सायक्लोहेक्झेनकार्बॉक्झिलिक ॲसिडात सहा कार्बनांचं कडं पूर्ण काढायचं आणि सीओओएच बाहेरून जोडायचं, एकूण सात. भाचीने "सीओओएचचा कार्बन धरायचा" एवढंच लक्षात ठेवलं होतं, म्हणून तिचं कडं पाचांचं झालं.

लिंबातलं सायट्रिक ॲसिड यासाठी फार चांगलं. त्याचं पद्धतशीर नाव २-हायड्रॉक्सीप्रोपेन-१,२,३-ट्रायकार्बॉक्झिलिक ॲसिड. पंगतीत तिघेच, प्रोपेन. तिघांपुढे एकेक वाढपी. मधल्यावर आणखी ओएच. एकूण कार्बन सहा, सूत्र सी६एच८ओ७. इथे मधल्या कार्बनला हमखास एक हायड्रोजन चिकटवलेला दिसतो. त्याचे हात मोजा: दोन बाजूंचे दोन कार्बन, एक सीओओएच, एक ओएच. चार झाले. हायड्रोजनला जागाच नाही.

आता एक खरी अडचण. बेंझॉइक ॲसिडाची शेपटी "ऑइक" आहे, पण तिथला कार्बन वाढपी आहे. बेंझीनचं सहाचं कडं पूर्ण आणि सीओओएच बाहेर. नाव जुनं आहे, वापरात राहिलं. त्यामुळे "सीओओएचचा कार्बन एक नंबरचा" हा नियम इथे लावला की घोळ होतो: मुलं सीओओएचला १ देतात, कड्यावरच्या कार्बनला २ देतात, आणि २-हायड्रॉक्सीबेंझॉइक ॲसिडातला ओएच तिथेच बसवायला जातात, जिथे सीओओएच आधीच आहे. कार्बनला पाच हात फुटतात. इथे १ हा आकडा कड्यावरच्या त्या कार्बनचा ज्याला सीओओएच जोडलंय. ओएच त्याच्या शेजारच्यावर. वाढपी बाहेर असला की क्रमांकही त्याला मिळत नाही, हे सगळ्या कड्यांना लागू.

पंगतीची मोजणी खरी आहे का, हे बडोद्यात बसून पडताळता येतं. फर्टिलायझरनगरच्या जीएसएफसी या खत कारखान्यात कॅप्रोलॅक्टम बनतं, नायलॉन-६ चा कच्चा माल. त्याचं कडं पाण्याने उघडलं की ६-अमिनोहेक्झॅनॉइक ॲसिड मिळतं, आणि त्याचे रेणू एकापुढे एक जोडले गेले की नायलॉन-६. त्या नावातला सहा म्हणजे एका तुकड्यातले सहा कार्बन, सीओओएचचा धरून. ज्या मुलाने सहांच्या साखळीला वर सीओओएच लावलं, त्याच्या तुकड्यात सात कार्बन आले. त्याचं नायलॉन-६ होणारच नाही. वडील त्या भागात नोकरीला असलेली मुलं हे उदाहरण कधी विसरत नाहीत.

"डायओइक" असेल तर दोन्ही टोकं पंगतीत. इथेनडायओइक म्हणजे दोनच कार्बन, दोन्ही सीओओएचचे, एकमेकांना थेट चिकटलेले. मध्ये सीएच२ घातला की ते प्रोपेनडायओइक झालं. इथेनडायओइक म्हणजेच आपलं ऑक्झॅलिक ॲसिड. अळूने घशाला खाज सुटते ती त्याच्याच कॅल्शियम क्षाराच्या सुईसारख्या स्फटिकांनी. अळूवडीत, किंवा शेजारच्या गुजराती घरी पात्र्यात, चिंच पडते. त्या चिंचेतलं टार्टारिक ॲसिड म्हणजे २,३-डायहायड्रॉक्सीब्युटेनडायओइक. चारांची साखळी, टोकं सीओओएच, मधल्या दोघांवर ओएच. एकाच वडीत दोन डायओइक. डायओइकमध्ये कुठल्या टोकापासून मोजायचं ही चिंता काढताना करू नका. कुठूनही सुरू करा, चित्र तेच येतं.

हा पंगतीचा नियम आला कुठून, असं मुलं विचारतात. आमच्या इथलं कलाभवन, म्हणजे तांत्रिक शिक्षणाची संस्था, १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने सुरू केलं, तेव्हा असली नावं नव्हतीच. फॉर्मिक हे नाव मुंगीच्या लॅटिन नावावरून, ॲसेटिक हे सिरक्याच्या. रेणूत काय आहे ते नावावरून कळायचं नाही. दोनच वर्षांनी, १८९२ च्या एप्रिलमध्ये, युरोपातल्या नऊ देशांचे ३४ रसायनशास्त्रज्ञ जिनिव्हात जमले आणि त्यांनी ठरवलं की ॲसिडाचं नाव तितक्याच कार्बनांच्या हायड्रोकार्बनवरून घ्यायचं, सीओओएचचा कार्बन धरून. इथेनचे दोन, म्हणून इथॅनॉइकचेही दोन. नियमांचं हे काम १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आययुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे गेलं. गंमतीची गोष्ट अशी की २०१३ च्या शिफारशींत फॉर्मिक, ॲसेटिक, ऑक्झॅलिक, बेंझॉइक ही जुनी नावंच त्यांनी पसंतीची ठरवली. शाळेत मात्र इथॅनॉइक विचारतात, तेव्हा दोन्ही यायला हवीत.

कानाचा घोटाळा

ही अडचण आपल्या तोंडची आहे, म्हणून पुस्तकांत सापडत नाही. एकेरी बंधाचं ब्युटॅनॉइक आणि दुहेरी बंधाचं ब्युटीनॉइक घाईत बोलले की दोन्हीचं "ब्युटेनॉइक" होतं. मी नाव सांगायचे, मुलं ऐकून काढायची, आणि निम्म्या वह्यांत दुहेरी बंध गायब. मला वाटायचं त्यांचं लक्ष नाही. प्रत्यक्षात त्यांनी जे ऐकलं तेच काढलं होतं.

उपाय सोपा आहे. दुहेरी बंधाच्या नावात बंधाचा आकडा मध्येच म्हणायचा: "ब्यूट, दोन, ईनॉइक". आकडा ऐकू आला की बंध आहे, नाही आला की नाही. आताच्या पद्धतीत लिहितानाही तो आकडा तिथेच येतो, जुन्या पुस्तकांत मात्र तो सगळ्यात पुढे दिसेल. ब्यूट-२-ईनॉइक म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनमध्ये दुहेरी बंध. दोनपैकी लहान आकडाच सांगितलेला असतो, पुढचा आपण समजायचा.

असाच घोटाळा "फिनिल" आणि "बेंझिल"चा. फिनिल म्हणजे नुसतं कडं. बेंझिलमध्ये कडं आणि एक सीएच२. आणि "ॲसिटिल" व "ॲसिटिलऑक्सी"चा. ॲस्पिरिन हे २-(ॲसिटिलऑक्सी)बेंझॉइक ॲसिड, सी९एच८ओ४. "ऑक्सी" ऐकायचं राहिलं तर एक ऑक्सिजन जातो आणि कड्याला थेट सीओ-सीएच३ लागतो. ते २-ॲसिटिलबेंझॉइक ॲसिड, वेगळाच पदार्थ.

कंसात कंस

सगळ्यात जास्त रडवतात ती कंसांची नावं. डोकेदुखीच्या गोळीतलं आयब्युप्रोफेन घ्या: २-[४-(२-मिथिलप्रोपिल)फिनिल]प्रोपॅनॉइक ॲसिड. यात दोन वेळा २ आहे, एकदा ४ आहे, आणि तिन्ही आकडे वेगवेगळ्या मोजणीतले. मुलं तिन्ही एकाच साखळीवर बसवू पाहतात आणि साखळी असते तिघांची, तिथे चौथा कार्बनच नसतो.

समासाकडे परत या. प्रत्येक कंस हा स्वतंत्र तत्पुरुष आहे. त्याचंही उत्तरपदच प्रधान, आणि बाहेरच्याला जोडला जातो तो त्या उत्तरपदाचाच अणू. कंसाच्या आधीचा आकडा पत्ता सांगतो, पण तो पत्ता कंस संपल्यावर उजवीकडे जे उभं आहे त्याच्या घरातला.

पट्टी ठेवा. शेवट प्रोपॅनॉइक ॲसिड: सीओओएच १, पुढे २ आणि ३. हे निळ्या पेनने. आता चौकोनी कंस. तो कुठे लागतो? त्याच्या सुरुवातीला जा, बाहेर २ आहे. म्हणजे प्रोपॅनॉइकच्या दुसऱ्या कार्बनवर. काय लागतं? कंसातलं शेवटचं पद, फिनिल. बेंझीनचं कडं काढा, निळ्या २ ला जोडा. कड्याचे आकडे नव्याने, लाल पेनने, आणि जोडलेला कार्बन लाल १. आतला गोल कंस लाल ४ वर, म्हणजे अगदी समोर. तिथे काय? शेवटचं पद प्रोपिल, तीन कार्बन, तेही टोकाने जोडलेले. त्यांना हिरव्या पेनने आकडे, खोडाला चिकटलेला हिरवा १. मिथिल हिरव्या २ वर. काम संपलं. कार्बन मोजा: ३, ६, ३, १, एकूण १३. सूत्र सी१३एच१८ओ२.

तीन रंगांचा आग्रह मी सोडत नाही. परीक्षेत रंग मिळणार नाहीत हे खरं, पण आकडे तीन कुळांतले आहेत हे डोळ्यांना एकदा दिसावं लागतं. पुढे रंग नसले तरी चालतात. अशा नावांत फांदीची मोजणी खोडाला चिकटलेल्या जागेपासून, हेही रंगांमुळेच पटतं.

छोट्या पण हट्टी गोष्टी

अल्फा, बीटा, गॅमा या खुणा सीओओएचच्या शेजारच्या कार्बनपासून सुरू होतात, आकडे सीओओएचपासून. म्हणून अल्फा म्हणजे २, बीटा म्हणजे ३. मधुमेहात बिघाड झाला की रक्तात वाढणारं बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरिक ॲसिड हेच ३-हायड्रॉक्सीब्युटॅनॉइक. भाचीचा ओएच चुकला होता तो इथे: तिने पुस्तकात बीटा वाचलं होतं आणि बीटा म्हणजे दुसरं, असं धरलं होतं. पट्टी याला उपाय नाही. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत "अल्फा = २" लिहून ठेवा.

"ऑक्सो" म्हणजे त्या कार्बनवर दुहेरी बंधाने ऑक्सिजन. नवा कार्बन येत नाही, त्या कार्बनवरचे दोन हायड्रोजन जातात. ३-ऑक्सोब्युटॅनॉइक ॲसिड सी४एच६ओ३.

दुहेरी बंधाची बाजू

नावाच्या आधी कंसात झेड किंवा ई असेल तर रेघांचा नागमोडी सांगाडा काढताना सावध राहा. हात नागमोडी चालतो, आणि नागमोडी साखळीत बसवलेला दुहेरी बंध आपोआप ई होतो. शेंगदाण्याच्या तेलात भरपूर असणारं ओलेइक ॲसिड हे (झेड)-ऑक्टाडेक-९-ईनॉइक. अठरा कार्बन, नऊ आणि दहाच्या मध्ये बंध, दोन्हीकडे बरोबर नऊ-नऊ. झेड म्हणजे साखळीचे दोन्ही भाग बंधाच्या एकाच बाजूला (ई म्हणजे विरुद्ध बाजूंना), म्हणून चित्रात तिथे ठळक वाकण दिसायलाच हवं. सरळ नागमोडी काढलंत तर इलायडिक ॲसिड झालं. ओलेइक १३-१४ अंश सेल्सियसला वितळतं, इलायडिक सुमारे ४५ ला. म्हणजे बडोद्यातल्या खोलीत एक पातळ आणि दुसरं घट्ट. वाकणाची एक रेघ चुकली तर इतका फरक पडतो, म्हणून मी तिथे अर्धा गुणही देत नाही.

ब्युटीनडायओइकचंही तसंच. झेड म्हणजे मॅलेइक, ई म्हणजे फ्युमॅरिक. मॅलेइकमध्ये दोन्ही सीओओएच एका बाजूला असतात, म्हणून तापवल्यावर त्यांच्यातून पाणी निघून कडं तयार होतं. फ्युमॅरिकमध्ये ते विरुद्ध बाजूंना असल्यामुळे तसं सहज होत नाही.

चित्र बरोबर आलं हे कसं ओळखायचं

दोन तपासण्या, आणि दोन्ही लागतात. पहिली मोजणीची. चित्राकडे न बघता फक्त नावातून कार्बन मोजा: मिथ १, इथ २, प्रोप ३, ब्यूट ४, पेंट ५, हेक्झ ६, फिनिल ६, आणि प्रत्येक "कार्बॉक्झिलिक"साठी आणखी १. हायड्रोजन किती हवेत? कार्बनांच्या दुपटीत दोन मिळवा. मग दर कड्यामागे आणि दर दुहेरी बंधामागे दोन वजा करा. सीओओएचमधला दुहेरी बंधही धरा. नायट्रोजन असेल तर दर नायट्रोजनला एक मिळवा. आता चित्रातले मोजा. जुळले नाहीत तर चित्र चुकलं.

उदाहरणार्थ ६-अमिनोहेक्झॅनॉइक. कार्बन ६. हायड्रोजन १२ आणि २ म्हणजे १४, सीओओएचचे वजा २, नायट्रोजनचा अधिक १, एकूण १३. सी६एच१३एनओ२.

पण मोजणी जागेच्या चुका पकडत नाही. आयब्युप्रोफेनमध्ये ती चार कार्बनांची फांदी टोकाऐवजी मधल्या कार्बनने जोडली तरी सूत्र सी१३एच१८ओ२ हेच येतं. त्यासाठी दुसरी तपासणी: नाव झाका, चित्र दुसऱ्या कुणाला द्या आणि त्याला नाव ठेवायला सांगा. आमच्याकडे भाची आणि शेजारचा मुलगा एकमेकांची चित्रं घेतात. स्वतःच्या चित्राला स्वतः नाव ठेवलं तर उपयोग होत नाही, कारण मूळ नाव डोक्यात असतं आणि डोळा तेच वाचतो.

सुट्टीनंतर ही चूक परत येते, हे धरूनच चाला. दिवाळीची सुट्टी संपली की पहिले दोन दिवस मी सगळ्यांना पुन्हा पट्टी देते.

आणि आता तुमच्यासाठी एक. आमटीतल्या आमसुलात आणि गुजराती दाळीतल्या कोकमात जे ॲसिड असतं, त्याचं नाव १,२-डायहायड्रॉक्सीप्रोपेन-१,२,३-ट्रायकार्बॉक्झिलिक ॲसिड. पट्टी घ्या, शेवटापासून सुरुवात करा, वाढपी वेगळे मोजा. सी६एच८ओ८ आलं आणि दुसऱ्या कार्बनवर एकही हायड्रोजन उरला नाही, तर चित्र बरोबर आहे. नाही आलं तर कागद फाडू नका. पेन आधी कुठे टेकलं होतं ते आठवा आणि तिथून पुन्हा काढा.